नैरोबीतला शिरा

आता काय लपवू तुमच्यापासून? माझ्या एका शिऱ्यापायी अकरा पोरं भर मैदानात गारद झाली. म्हशीची शपथ, अक्षर न अक्षर खरं. म्हैस मागेच विकली, पण शपथेला चालते की.

लेक-जावई नैरोबीला असतात. त्यांच्याकडं दोन महिने गेल्तो. बरं, दोन न्हाई, दीड. पहिले चार दिवस सोफ्यावर बसून लेकीला भाजी कशी चिरायची ते शिकवलं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, जवळच चर्चचं बालगृह आहे. तिथं कामाला माणसं कमी पडतात. तुम्ही जाच." बायकोनं तर माझ्या चपला दाराकडं तोंड करून ठेवल्या.

बालगृह चालवायच्या सिस्टर अगाथा. उंच बाई, नजर हेडमास्तरची. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला : ताटात पडेल ते संपवायचं, मंग प्रार्थना, मंगच उठायचं. मला नियम बिलकुल पटला. आपल्याकडंही हेच सांगतात, पाळत कुणी न्हाई.

तिथं पाळत होते. इथंच घोळ झाला.

त्या शनिवारी शेजारच्या शाळेशी फुटबॉलचा सामना होता. जिंकणाऱ्याला नवाकोरा चामड्याचा चेंडू. आमच्या पोरांचा चेंडू ठिगळं लावलेला; सरळ मारला तर डावीकडं जायचा. त्यामुळं गोलकीपर मर्सी, बारा वर्षांची, पोरांची पुढारीण, महिनाभर पहाटे उठून सराव करत होती. त्या नव्या चेंडूसाठी ती जीव टाकत होती म्हणा ना.

मी म्हटलं, खेळायचं तर अंगात ताकद पाहिजे. शिरा मी करतो. केला. तूप असं सुटलेलं, वेलचीचा वास थेट चर्चपर्यंत. एकदम बादशाही! मी चाखला न्हाई. वाढप्यानं शेवटी जेवायचं, ही आपली रीत.

पहिली पळी वाढली. दुसऱ्या पळीला पोरं म्हणाली, नको अंकल, थँक यू. आता तुम्हीच सांगा, आमच्या गावी परतूरच्या पंगतीत पहिल्या 'नको'ला कुणी थांबलंय का? पोरगं लाजतंय समजायचं, 'थोडंच, थोडंच' म्हणायचं अन् वाढायचं.

मर्सीनं दोन्ही हात ताटावर आडवे धरले. झालं! हात आडवे आले की माझ्यातला वाढपी पेटतो. बोटांच्या फटीतून शिरा सोडायची कला आहे माझ्याकडं. वरून मोडक्या इंग्रजीत सांगितलं, तू न्हाई खाल्लंस तर मीही जेवणार न्हाई. तिनं सिस्टरकडं बघितलं. सिस्टरनं ताटाकडं बघितलं. पोरगी गुमान खायला लागली.

शेजारच्या शाळेची पोरं आल्ती, त्यांनाही वाढलं. त्यांनी दोन घास खाल्ले, ताटं सरकवली अन् उठून पळाली. मी मनात म्हटलं, वळणच न्हाई पोरांना.

वाढता वाढता माझं जेवण राहूनच गेलं, तीनला सामना सुरू झाला. वळण नसलेली पोरं वाऱ्यासारखी पळत होती. आमची पोटं धरून उभी. मर्सी खांबाला टेकलेली. चेंडू शेजारून जायचा अन् ती फक्त डोळे फिरवायची. सात गोल! नवा चेंडू शेजारी गेला. सिस्टर मला एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही भांडी घासा."

पण दुसऱ्या दिवशी आधी मला जेवायला बसवलं. तिथं अन्न टाकत न्हाईत, पातेल्यात शिरा उरल्ता. पळी मर्सीच्या हातात.

मी एक घास खाल्ला अन् म्हटलं, बस.

"थोडंच, अंकल," ती म्हणाली. माझंच मराठी, माझ्याच सुरात.

मी हात आडवे धरले. तिनं बराबर बोटांच्या फटीतून शिरा सोडला. सिस्टर दारात उभ्या. उठायची सोय न्हाई. तिसरी पळी वर गेली तेव्हा मी नवा चेंडू कबूल केला. पळी जागच्या जागी थांबली. चेंडू संध्याकाळीच आणला.

आता कबुली. चेंडू खरा, मर्सी खरी, सात गोलही खरे. शिरा बादशाही झाल्ता म्हणालो ना, तेवढी थाप. खालून करपलेला, आत कच्च्या रव्याच्या गुठळ्या. मला तरी तेव्हा कुठं माहीत होतं, पहिला घास मर्सीनं वाढला तेव्हाच घेतला मी.

पोरं लाजत नव्हती हो!