कॉफीच्या आधी उठलेला माणूस

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्कारवोय बेटावर ओडवारची ख्याती एकाच गोष्टीची आहे. इर्जिकीला तो सगळ्यांच्या आधी येतो आणि कॉफी झाल्याशिवाय जागचा हलत नाही. शाळेचं कुंपण रंगवायचं असो की धक्क्याच्या कुजलेल्या फळ्या बदलायच्या असोत, सगळं गाव जमतं. पैशाचं नाव कुणी काढत नाही. काम उरकलं की वॉफल, त्यावर तपकिरी चीज आणि कॉफी. त्याआधी उठून जाणं म्हणजे भरल्या पंगतीतून उठण्यासारखं. जन्मभर फेरीबोटीवर दोर बांधण्या-सोडण्यात गेलेल्या ओडवारने ही चूक कधी केली नव्हती.

त्याचा भुर्दंड पडला मुलीला. सिनवेचं शाळेतलं पहिलं गाणं होतं त्या दिवशी ओडवार धक्क्यावर होता. संगीत विद्यालयातली तिची शेवटची परीक्षा होती तेव्हा प्रार्थनाघराच्या छपरावर. सिनवे कधी बोलली नाही. त्यांच्याकडे असल्या गोष्टी बोलत नाहीत. पुढे ती ऑस्लोच्या ऑपेरात समूहात गायला लागली आणि या वसंतात तिला पहिल्यांदा एकटीने गायची ओळ मिळाली. भूमिका मोलकरणीची. पहिल्या अंकात यायचं, "दारात पाहुणे आलेत, दिवे लावू का?" एवढं गायचं आणि जायचं. पुढच्या अंकांत ती नाहीच.

"या वेळी बेट बुडालं तरी तू येणार," बायकोने, गुनवोरने, बजावलं.

"बेट बुडालं तर यावंच लागेल," ओडवार म्हणाला.

शनिवारी दुपारचा खेळ होता. ऑस्लोला गाडीतून उतरल्यावर गुनवोर बहिणीकडे केस करून घ्यायला गेली. तिकिटं दोघांनी एकेक घेऊन ठेवली.

"घंटा झाली की दार बंद होतं. मग मध्यंतरापर्यंत कुणाला सोडत नाहीत," ती जाता जाता म्हणाली. "आणि मध्यंतरानंतर तुझी पोरगी नसते."

"मी फक्त इमारत बघतो."

इमारत त्याने बघितली. ऑपेराचं पांढरं दगडी छप्पर उतरत उतरत थेट फ्योर्डच्या पाण्यात शिरलेलं. लोक त्यावर चढत होते, पहुडले होते, आइस्क्रीम खात होते. ओडवारला ते बोट ओढून घ्यायच्या उतारासारखं वाटलं. चांगलं होतं. फक्त शेवाळ धरलं तर पाय ठरणार नाही, असं मनाशी म्हणत तो वरच्या टोकाला गेला आणि तिथून त्याला पलीकडच्या काठाची तरंगती सौना, वाफेने न्हायची लाकडी खोली, दिसली. आठ-दहा माणसं तिचा लाकडी तराफा उचलायला बघत होती आणि एक कोपरा सारखा पाण्यात बुडत होता.

काम दिसलं की ओडवारचे पाय आधी निघतात, डोकं मागाहून येतं.

"ए टायवाल्या!" तराफ्यावरून एक दणकट बाई ओरडली. ती हेगे, सौना चालवणाऱ्या मंडळाची म्होरकी. "नुसता बघतोस काय? ते टोक धर!"

त्याने धरलं. मग कोट काढून खुंटीला टांगला, टाय खांद्यावरून मागे टाकला. कुणीतरी त्याला अंगभर घालायचा कामाचा डगला दिला. डांबर फासलेला दोर चुकीचा बांधलाय हे त्याने सांगितलं नाही, नुसता सोडून पुन्हा बांधला. कोपरा वर आला.

"बाहेरगावचा दिसतोस," शेजारी फळ्या कापणारा म्हातारा रोल्फ म्हणाला.

"उत्तरेकडचा."

"इथे कशाला?"

"सहज. फिरायला."

इथेच गाडं अडलं. 'मला ऑपेराला जायचंय, माझी मुलगी तिथे गाते,' असं एक वाक्य बोलला असता तर तिथल्या तिथे सुटका होती. पण स्कारवोयचा माणूस ते बोलत नाही. बोलला की तो मिरवतो. आधीच टाय घालून आलाय, वर मुलगी ऑपेरात! ओडवारने खिळा ठोकला. काम उरकलं की कॉफी होईल, कॉफी झाली की निघू, असा त्याचा हिशेब होता. पण शहरातली माणसं कामापेक्षा बोलत जास्त होती. एका फळीवर तिघांची मतं पडायची. ओडवार घाईघाईने ठोकत सुटला.

"अरे, सावकाश!" रोल्फ हसला. "तुझी काय बोट सुटतेय?"

"तसंच काहीसं," ओडवार म्हणाला आणि पाण्यापलीकडे बघितलं. छपरावरची माणसं उतरून दाराकडे निघाली होती, पायांत चांगले बूट असलेली.

हेगेच्या नजरेतून ते सुटलं नाही. "सारखा तिकडे काय बघतोस? कुणी आहे का तिथे?"

"मुलगी."

"वाट बघतेय?"

"नाही. गाते."

हातोड्या थांबल्या. "कुठे गाते? आत? आत्ता?"

"पहिल्या अंकात. एकच ओळ आहे, तशी काही फार नाही."

"आणि तू आमचे खिळे ठोकत बसलायस!" हेगे कडाडली. "गाढवा, आल्या आल्या सांगायला काय झालं होतं?"

"कॉफी व्हायची होती ना अजून."

"कॉफी गेली खड्ड्यात! रोल्फ, ओढ त्याचा डगला!"

रोल्फने डगला ओढला, हेगेने त्याच्या मानेवरचं डांबर सौनातल्या खोबरेल तेलाने पुसलं, तिसऱ्याने कोट चढवला. बुटांत पाणी शिरलं होतं. रोल्फने स्वतःचे काढून दिले. ते एक माप मोठे होते. "फटफट वाजतील. मोठ्या वाद्यांच्या वेळी चाल," तो म्हणाला. तराफ्यावरच्या सगळ्यांनी "पळ, पळ!" म्हणून गिल्ला केला आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच ओडवार कॉफीच्या आधी उठला. पुलावरून पळताना त्याला लाज वाटली ती त्याचीच.

घंटा वाजत होती. दाराशी उभ्या पोरीने तिकिटाकडे बघितलं, मग बुटांकडे, आणि त्याच्या पाठोपाठ दार लावलं.

खुर्चीपाशी गुनवोरने नुसतं नाक वर केलं. "डांबर."

"थोडंसं."

"खोबरेलही?"

तेवढ्यात दिवे मालवले. ओडवार टेकला आणि खिशातलं काहीतरी मांडीला टोचलं. न ठोकलेला खिळा. पडदा उघडला. राजवाडा, भांडणारे भाऊ, पुष्कळ पाणी वाहावं तसं संगीत. ओडवारला त्यातलं काही नीट कळलं नाही. तो रंगमंचावरच्या मागच्या दाराकडे डोळे लावून बसला होता. दार उघडलं आणि हातात तबक घेऊन सिनवे आली. पांढरा एप्रन, केस बांधलेले. ती गायली. आवाज मोठा नव्हता, पण धुक्यात किनाऱ्यावरची घंटा ऐकू यावी तसा वरच्या सज्जापर्यंत स्वच्छ पोचला. ओळ संपली, ती वाकून निघून गेली. ओडवारच्या मुठीत खिळा होता, तो त्याने नंतर बराच वेळ सोडला नाही.

"चांगलं झालं," मध्यंतरात तो म्हणाला. त्याच्या तोंडी ही मोठी स्तुती होती, आणि गुनवोरला ते ठाऊक होतं.

खेळ सुटल्यावर सिनवे बाहेर छपराच्या उतारावर भेटली. कानामागे रंग तसाच होता.

"आलास," ती म्हणाली. मग तिने त्याच्या कॉलरचा वास घेतला. "म्हणजे तो तूच! आमच्या उपाहारगृहाच्या खिडकीतून सगळे बघत होते, तो टायवाला म्हातारा कोण म्हणून. मी म्हटलं, मी नाही ओळखत."

"बरं केलंस."

"मला वाटलं, झालं, आता कॉफी झाल्याशिवाय हा येत नाही."

"झाली नाही कॉफी," ओडवार म्हणाला. "मध्येच उठलो."

सिनवेने त्याच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग त्याच्या हाताला धरून उतार उतरू लागली. "चल मग. बूटही परत द्यायचेत ना? दोन मापांनी मोठे दिसतायत."

"एका," ओडवार म्हणाला.

पलीकडे ऊन अजून पाण्यावर होतं. हेगेने थर्मास आणि झाकलेली वॉफलं बाजूला काढून ठेवली होती. रोल्फ अनवाणी बसला होता. सिनवेने पहिलं वॉफल उभ्याउभ्याच संपवलं. गुनवोर नवे केस सांभाळत खुर्ची शोधायला लागली. ओडवारने आधी बूट परत केले, मग शेवटच्या फळीपाशी गुडघे टेकले, खिशातला खिळा काढला आणि ठोकला.

मग कॉफी घेतली.