पाणी उपसणाऱ्याची जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्याच्यासमोर दोन घोट घेतल्यावर माझी जीभ सैल होते त्या मित्रालाही नाही. तसं माझं तोंड बंद राहत नाही. कराडला माझा जुने ट्रॅक्टर घ्यायचा आणि विकायचा धंदा आहे, शून्यातून उभा केलेला. समोरच्याला बोलून बोलून दमवायचं, यावरच माझं घर उभं आहे. पण ही गोष्ट जिभेपर्यंत येते आणि मी विषय बदलतो. लाज वाटते म्हणून? नाही, खरं सांगतो — मला अजून राग येतो. आणि राग असताना आपली चूक कबूल करायची म्हणजे समोरच्यानं आपल्याला हरवलं असं वाटतं.

आधी तो राग सांगतो. सांगू द्या, त्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. श्रावणात नदी भरलेली असते तेव्हा सांगलीत होड्यांच्या शर्यती होतात. काठावरच्या प्रत्येक गावाची आपली होडी. दहा-बारा जण वल्ही मारणारे, सगळ्यांची तोंडं पुढं. शेवटी उभा राहून सुकाणू धरणारा. धारेविरुद्ध वर जायचं, नदीत रोवलेल्या निशाणाला वळसा घालायचा आणि परत पुलाकडं यायचं. पुलावर आणि घाटावर पाय ठेवायला जागा नसते. आमच्याकडं ऊस बरा आला की माणूस आठ दिवस बोलतो; होडी पहिली आली की वर्षभर.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. आषाढ लागल्यापासून रोज पहाटे नदीवर जात होतो. हाताची कातडी दोनदा सोलून निघाली होती. पुढून दुसरी जागा माझी होती, सगळ्या गावाला ते माहीत होतं. आणि शर्यतीच्या दिवशी सकाळी, होडी पाण्यात ढकलल्यावर, आमच्या सुभेदारानं मला त्या जागेवरून उठवलं.

सुभेदार म्हणजे आमचा सुकाणू धरणारा. पलटणीतून निवृत्त होऊन आलेला, गावात त्याचा शब्द खाली पडत नसे. त्याचा पुतण्या पुण्याहून दोन दिवसांपूर्वी आला होता, व्यायामशाळेत कमावलेले दंड घेऊन. त्याला माझ्या जागेवर बसवलं. मी भांडलो — मी भांडणार नाही तर कोण? तर सगळ्यांसमोर सुभेदार म्हणाला,

“तू मागं पाणी उपसायला बस. तोंड लय चालतंय तुझं, आता हात चालव.”

पोरं हसली. काठावर उभी असलेली माणसंही हसली. मी होडीतून उतरून घरी जायला हवं होतं. का गेलो नाही? कारण गेलो असतो तर “भ्याला” म्हणाले असते. मग बसलो मागं, सुभेदाराच्या पायाशी. हातात तेलाचा रिकामा डबा, वरचं पत्र्याचं झाकण कापून काढलेला.

लाकडी होडीत थोडं पाणी येतंच. फळ्या थोड्या झिरपतात, वल्ह्यांचे शिंतोडे आत पडतात, शेजारच्या होडीची लाट कडेवरून येते. म्हणून तर उपसणारा बसवतात. पण त्याला कुणी वल्हेकरी म्हणत नाही. जिंकल्यावर खांद्यावर घेतात त्यांत तो नसतो. एरवी ती जागा म्हाताऱ्याची किंवा नवशिक्याची.

आता त्या होडीबद्दल. ती बांधली होती आण्णा सुतारानं. आण्णाच्या बापानं आणि आजानंही आमच्या गावाच्या होड्या बांधल्या होत्या. दरवर्षी उन्हाळा संपता संपता आण्णा होडी पालथी घालायचा, फळ्यांमधल्या फटी जुना कापूस काढून नव्या कापसानं ठासून भरायचा, वरून डांबर ओढायचा. त्या कामाचा त्यानं कधी हात पुढं करून मोबदला मागितल्याचं मला आठवत नाही. शर्यतीच्या सकाळी होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडायचा मान त्याचा. तेवढं त्याला पुरायचं. कमी बोलणारा, कायम मान खाली घालून चालणारा माणूस. माझं आणि त्याचं काही वाकडं नव्हतं. हे लक्षात ठेवा — काही म्हणजे काही वाकडं नव्हतं.

शर्यत सुटली. जाताना आम्ही पुढं होतो. मी पाणी काढत होतो, खरंच काढत होतो. निशाणाला वळसा घातला तेव्हा शेजारच्या गावाची होडी आमच्या मागं होती, चांगली एका होडीच्या लांबीनं मागं. पण माझ्या डोळ्यासमोर त्या पुतण्याची पाठ होती. वळसा झाल्याबरोबर त्याचं वल्हं उशिरा पडायला लागलं. दंड फुगलेले, पण दम संपलेला. आणि मला दिसलं — हे जिंकतील. तो दमलेला असला तरी जिंकतील, बाकीच्यांच्या जोरावर जिंकतील, आणि संध्याकाळी त्या पुतण्याला खांद्यावर घेऊन नाचतील. मी मागून डबा घेऊन चालत जाईन.

डबा माझ्या हातात भरलेला होता. तो मी कडेबाहेर रिकामा करायला हवा होता.

मी तो परत आत ओतला.

एकदा चुकून होतं, असं म्हणता येईल. मी दुसऱ्यांदा भरला, कडेपर्यंत नेला, खणकन आपटला — आवाज व्हावा म्हणून — आणि परत आतच ओतला. मग तिसऱ्यांदा. नंतर मी मोजलं नाही. वरून लाटांचं पाणी येत होतं ते तसंच साचत होतं. वल्हेकऱ्यांची तोंडं पुढं, सुभेदाराची नजर पुलावर. मी काय करतोय हे बघायला त्या होडीत एकही डोळा मोकळा नव्हता.

“आरं, घोट्याला पाणी लागतंय! काढ की!” पुढून कुणीतरी ओरडलं.

“काढतोय न्हवं! हातानं का तोंडानं काढू?” मी ओरडलो, आणि आवाज करत राहिलो.

होडी जड झाली. वल्हं टाकलं की पूर्वी जी उसळी मारायची ती बंद झाली. पुलाच्या थोडं अलीकडं शेजारची होडी आमच्या बाजूला आली, आणि हातभराच्या अंतरानं पुढं गेली. वर पुलावरून कुणीतरी ओरडलं, “म्हशी धुवायला आलाय का रं?” आणि सगळा पूल हसला. मला त्या क्षणी काय वाटलं ते लपवणार नाही. बरं वाटलं.

इथंच थांबलो असतो तरी एक वेळ ठीक. एका रागीट पोरानं एक शर्यत घालवली. वर्षभरात गाव विसरलं असतं. पण पुढचं जे केलं ते रागात केलं नव्हतं. ते थंड डोक्यानं केलं.

होडी काठाला लागली. आतलं पाणी सगळ्यांनी बघितलं. मग सुभेदार माझ्याकडं वळला. मला माहीत होतं तो काय विचारणार. आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. जुना ट्रॅक्टर घ्यायला गेलं की खोट आहे असं तोंडानं म्हणायचं नसतं. वाकायचं, कुठंतरी बोट ठेवायचं, आणि गप्प बसायचं. मालक स्वतःच बोलायला लागतो. धंदा मी नंतर सुरू केला, पण ही कला माझ्या अंगात तेव्हाही होती. मी वाकलो. मागच्या बाजूला, डाव्या अंगाला, दोन फळ्यांच्या मधल्या ओल्या फटीवर बोट ठेवलं. आणि गप्प बसलो.

सगळ्याच फटी ओल्या होत्या. होडी पाण्यातून आली होती, कोरडी कशी असेल? पण तो विचार कुणी केला नाही. सुभेदाराला तर ते बोट हवंच होतं. नाहीतर पुतण्याला का बसवलं, याचा जाब गावानं त्यालाच विचारला असता. तो तिथंच घाटावर आण्णाच्या अंगावर गेला.

“डोळं फुटलं व्हतं का? गावाची अब्रू घालवलीस!”

आणि आण्णा — इथं माझं डोकं आजही फिरतं — आण्णा भांडला नाही. त्यानं एवढं जरी म्हटलं असतं की माझी फट पक्की आहे, उपसणारा काय करत होता ते विचारा, तर मी उसळून काहीतरी बोललो असतो, आणि बोलता बोलता सगळं बाहेर आलं असतं. मी तसाच आहे. पण तो वाकून ती फट बघत राहिला आणि म्हणाला, “चुकलं आसंल माझं.” चुकलं असेल! स्वतःच्या हाताचं काम, आणि असा सौदा सोडून दिला! मी त्याच्यावर चिडलो. बघा, ज्याच्यावर आळ घातला त्याच्यावरच चिडलो.

आठवड्यानं त्यानं मला बोलावून घेतलं. होडी त्याच्या खोपटापुढं दोन ओंडक्यांवर उभी होती. त्यानं ती आतून काठोकाठ पाण्यानं भरली होती आणि खाली बसून बघत होता. थेंबसुद्धा पडत नव्हता.

“गळती घावंना रं,” तो म्हणाला. “तू तितंच बसला हुतास. नीट सांग गड्या, पानी कुठनं येत हुतं?”

यापेक्षा सोपी वेळ मला परत मिळणार नव्हती. तिसरं कुणी नव्हतं. मी काय म्हणालो असेन?

म्हणालो, “आण्णा, उभ्या होडीत न्हाई कळायचं. वल्ह्याचा जोर लागला की फट फाकत आसंल.”

किती हुशारीचं उत्तर होतं ते! त्याला पटलं. माझ्यासमोर त्यानं पाणी सोडून दिलं, पटाशी घेतली आणि डाव्या अंगाची ती फट उघडली. आतला कापूस कोरडा होता, दाबून बसवलेला, पांढरा. तो त्यानं हातात धरून बराच वेळ बघितला. मग सगळा उकरून काढला.

त्यानंतर आण्णानं होडीला हात लावला नाही. गावानं काढलं असं नाही, त्यानंच सांगितलं, “माझा हात फसाय लागला.” पुढच्या वर्षी होडी बाहेरून बांधून आणली. नारळ सुभेदारानं फोडला. पुढून दुसरी जागा मला मिळाली, दोन वर्षं मी तिथं बसून वल्हं मारलं, एकदा पहिलेही आलो. खांद्यावर घेतलं मला. आण्णा दारं-चौकटी करत राहिला. होडी बांधणारं घर ते. कुणी आपल्या पोराला सांगताना मात्र “ती गळकी होडी ज्यानं केली तो” असं सांगायचं. ते मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि हसलोयही.

मग मी कराडला आलो. या गोष्टीला आता तीसेक वर्षं झाली. दर श्रावणात शर्यतीला जातो, आता गावाच्या होडीला वर्गणीत माझा हात मोठा असतो, मला पुढं खुर्ची मिळते. आण्णा दिसला की मी दुसऱ्या बाजूनं जात आलो. यंदा तसं जाता आलं नाही. घाटावर माझ्याच शेजारी त्याला आणून बसवलं होतं. ऐंशीच्या घरातला, डोळ्यांत मोतीबिंदूचं पांढरं, दिसत जवळजवळ नाही. माझा आवाज त्यानं ओळखला. समोर होड्या सुटल्या होत्या, लोक ओरडत होते. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“एक इचारू का? तवा पानी नेमकं कुठनं येत हुतं रं?”

इतकी वर्षं! इतकी वर्षं हा माणूस ती फट शोधतोय. माझा संताप झाला — त्याच्यावर, सुभेदारावर, स्वतःवर, मला कळलं नाही. सांगायचं होतं. शपथेवर सांगतो, शब्द तोंडात होते. आणि मी म्हणालो,

“उजव्या अंगाला, आण्णा. मागच्या फळीत.”

त्यानं तोंड माझ्याकडं वळवलं.

“उजव्या? तवा तर डाव्या अंगाला बोट ठिवलं हुतंस.”

त्या क्षणी मला आठवतच नव्हतं, कुठं ठेवलं होतं ते. त्याला आठवत होतं. आता सापडलो, असं मला वाटलं, आणि अंग हलकं झाल्यासारखं झालं. पण आण्णानं मान हलवली, गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

“मंजी दोनी अंगाला फट ऱ्हायली हुती म्हनायची,” तो म्हणाला. “येक मी उघडून बघितली. दुसरी न्हाई.”

मी “व्हय” म्हणालो.