माळावरचा तुकडा
नांगरलेल्या लाल मातीचा वास आला की माळावरची ती सकाळ आठवते. फौजेत माझ्या लेकाचा पाय गेला, त्याच्या बदल्यात सरकारनं खडकाळ तुकडा दिला. अट एकच, त्यानं स्वतः कसायचा. तपासायला आलेला तलाठी लेकाला म्हणाला, “अण्णा, नांगर धरून दाखवा.” चार पावलांत नकली पाय ढेकळात अडकला आणि लेक तोंडावर आपटला. तलाठी माझ्याकडं बघून हसला. “अक्का, रान तुम्हीच कसायलाव वाटतं!” लेक म्हणाला, “माय, हात दे.” मी हात लावला असता तर जमीन गेली असती. बांधावर बसूनच म्हणाले, “ऊठ.” तो उठला, रक्ताळल्या तोंडानं बांधापर्यंत नांगरत आला. जमीन राहिली. लेकानं मला पुन्हा माय म्हणून हाक मारली नाही. आज परत तसं झालं, तरी मी बांधावरच बसेन.