पोत्याखालची घोण

"विषाचा रिपोर्ट द्या, डॉक्टर. बाकीचं मी बघून घेतो."

रावसाहेबांनी मेलेली पिल्लं माझ्यापुढं ठेवली. देवगाव रंगारीजवळ त्यांची लहानशी पोल्ट्री होती आणि मी त्या भागात जनावरांचा डॉक्टर होतो. ब्रूडर म्हणजे पिल्लांना बल्बची ऊब देतात ते कुंपण. त्यात रोज सकाळी एखाददुसरं पिल्लू मेलेलं निघायचं. पाण्याची टाकी धाकट्या भावाशी, सोपानशी, सामाईक होती. दोघांचं बांधावरून बिनसलेलं. सोपाननंच पाण्यात विष कालवलं, असं रावसाहेब आदल्या दिवशी पारावर चारचौघांत बोलून आले होते.

मी पोस्टमॉर्टेम केलं. पाण्यात विष असतं तर सगळ्या शेडला बाधलं असतं. इथं फक्त भिंतीकडच्या कोपऱ्यातली पिल्लं मरत होती. मानेवर दोन काळपट टोचे, भोवती सूज, डोकं कुरतडलेलं. उंदीर पिल्लू ओढून नेतो, साप गिळतो. हे तिसरंच काहीतरी होतं.

शेडमध्ये जाऊन त्या कोपऱ्यात भिंतीलगत अंथरलेलं पोतं मी उचलायला लावलं.

खाली वीतभर लांबीची घोण होती. घोण म्हणजे मोठी गोम. मागच्या पायांनी भिंतीची फट धरून तिनं पुढच्या पायांनी एक पिल्लू कवटाळलं होतं. घोणीला धड दिसत नाही, मिशांनी चाचपून ती सावज शोधते. तोंडाखालची पायांची पहिली जोडी म्हणजे तिच्या विषारी नांग्या. त्या रुतवल्या की सावज निपचित पडेपर्यंत ती सोडत नाही. मग डोक्याकडून सावकाश खाते. पिल्लाचा एक पाय अजून हलत होता. उजेड पडला तरी तिची पकड ढिली झाली नाही.

रावसाहेबांनी वाकून पिल्लाकडं बघितलं. म्हणाले, "मी सोपानला पारावर त्याच्या लेकरांसमोर नाय नाय ते बोललो, डॉक्टर."

मी चिमट्यानं घोण बरणीत घातली. ती घेऊन ते सोपानकडं निघाले, मलाही सोबत नेलं. सोपाननं बरणी नीट बघितली.

"पिल्लू कुणाचं हाय, हे तिला ठावं नसतं, दादा," तो म्हणाला. "तुमाला तर मी ठावा होतो."

फटी सिमेंटनं बुजवल्या, कोपरा मोकळा ठेवला. पिल्लं मरायची थांबली. सोपान मात्र वाळूजला कंपनीत लागला आणि बिऱ्हाड घेऊन तिकडंच राहिला.

तेव्हापासून पोस्टमॉर्टेम होईपर्यंत कुणाचं नाव घेऊ नका, असं मी प्रत्येक मालकाला सांगतो. बहुतेकांनी ते आधीच घेतलेलं असतं.