फाट्यावरचं पंक्चर

लातूर नवा जिल्हा झाला आणि मला तिथल्या एका कचेरीत टायपिस्टची तात्पुरती जागा मिळाली. गावाहून चौदा किलोमीटर. एसटीचा भरवसा नव्हता आणि मला तर कशाचाच धीर नव्हता. उदगीरचे एक प्राध्यापक बदली होऊन चालले होते, त्यांची जुनी रेसर सायकल मी घेतली आणि बसच्या टपावर टाकून आणली. वाकडं हँडल, बोटभर रुंदीचे टायर, पाच गिअर, त्यातले दोनच लागायचे. तरी मी खूश होतो. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तिच्याभोवती एक चक्कर मारली.

“हिला कॅरेज न्हाई. घागर कुठं बांधायची?”

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. गावची विहीर आटलेली, पाणी अर्ध्या तासावरच्या मळ्यातून, रांगेत उभं राहून आणावं लागे. प्रश्न सरळ होता, मीच चिडलो. “नोकरीला जायला घेतलीय, पाणी वाहायला न्हाई,” म्हणालो. अण्णांच्या खांद्यावरची कावड सुरूच राहिली.

सायकल भलतीच नखरेल निघाली. चेनीला तेल द्यावं तर धूळ चिकटून काळा राडा व्हायचा, न द्यावं तर ती कुरकुरायची. मी स्टोव्हचं रॉकेल चोरून चेन धुवायचो आणि आईच्या शिव्या खायचो. त्यात वेड्या बाभळीचे काटे. पंक्चरांपायी माझ्या नावावर दोन उशीर लागले. साहेबांनी बजावलं, तिसऱ्यांदा उशीर झाला तर दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही.

आणि एका सकाळी गावच्या फाट्यावरच मागचं चाक बसलं.

पंक्चरवाल्याचं घमेलं कोरडं ठणठणीत. त्या वर्षी त्याचा रिवाजच होता, पंक्चर काढायचं तर पाणी गिऱ्हाइकानं आणायचं.

“ट्यूब बुडवल्याबिगर भोक कसं दिसंल?” तो म्हणाला.

मी ट्यूबमध्ये हवा भरून ती गालाशी धरली, ओठाशी धरली, थुंकी लावून पाहिली. वारा सुटलेला, सगळीकडूनच हवा लागतेय असं वाटे. घड्याळ बघत होतो, उगाच पंक्चरवाल्यावर खेकसत होतो. गेली नोकरी, एवढंच डोक्यात घुमत होतं.

समोरून अण्णा कावड घेऊन आले. मी मान खाली घातली. त्यांनी कावड उतरवली, पाण्याचा एक डबा उचलला आणि घमेल्यात रिता केला.

“अण्णा, ऱ्हाऊ द्या.”

“उशीर व्हायलाय न्हवं तुला?”

बुडबुडे आले, भोक सापडलं. ठिगळ बसेपर्यंत अण्णा थांबले नाहीत. भरलेला डबा दुकानात ठेवून, रिकामा घेऊन ते परत मळ्याकडे वळले.

मी जीव खाऊन पायडल मारलं. हजेरीचं मस्टर साहेबांच्या टेबलावर जायच्या आत सही केली. जागा वाचली. शिपायानं पाण्याचा ग्लास आणून दिला. अर्धा घटाघटा प्यालो आणि उरलेलं पाणी कचेरीतल्या सवयीनं खिडकीबाहेर भिरकावलं.

मग रिकामा ग्लास धरून तसाच उभा राहिलो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. अण्णा एव्हाना मळ्यातल्या रांगेत पुन्हा सगळ्यात शेवटी उभे असतील.