नऊ नंबरचा दगड

आमच्या शहरात दरवर्षी होणाऱ्या मॅरेथॉनचा इतिहास सांगताना लोक पहिल्या वर्षाची मिरवणूक सांगतात आणि तिथून एकदम अलीकडच्या वर्षांवर येतात. तिसऱ्या वर्षाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मीही बोलत नाही. पण त्या वर्षीची यादी माझ्या अक्षरात होती, म्हणून लिहून ठेवते आहे.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा बाबांची बदली जुन्या जिल्ह्याच्या कचेरीतून इथे झाली. आम्ही मूळचे लोह्याकडचे. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी ताई गावीच आजीजवळ राहून शिकली. मी बाबांच्या बदल्यांबरोबर फिरले आणि इंग्रजी शाळेत गेले. दहावीनंतर ताई आमच्याकडे आली तेव्हा आम्ही बहिणी कमी आणि पाहुण्या जास्त होतो. ती मला ‘मॅडम’ म्हणायची. “ए मॅडम, तुमच्या शाळंत हसायला बी परवानगी लागती का गं?” मी हसायची नाही, म्हणून ती आणखी हसायची.

नव्या जिल्ह्याच्या पहिल्या वाढदिवसाला शर्यत काढायचं ठरलं. समितीचे अध्यक्ष निवृत्त ड्रिल मास्तर होते, त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. बाबा चिटणीस. मॅरेथॉन म्हणजे नेमकं किती अंतर, हे त्या बैठकीत कुणालाच सांगता येईना. सर म्हणाले, “माणूस दमेल पण मरणार नाही, इतकं.” सगळ्यांना ते पटलं. मैदानापासून रेणापूरच्या रस्त्यानं एका पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, चौदा किलोमीटर. पुलापाशी एक माणूस लाल झेंडा आणि शाईचा शिक्का घेऊन बसेल. मनगटावर त्याचा जांभळा शिक्का असेल तरच परतीचं पळणं धरायचं. नाहीतर लोक अर्ध्यातूनच वळतात, असं सरांचं म्हणणं होतं.

त्या पहिल्या वर्षी पळणारे बहुतेक अनवाणी होते. वाटेवरच्या प्रत्येक दारात बायका घागर आणि पेला घेऊन उभ्या होत्या. दुसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला आणि दारातल्या घागरीही कमी झाल्या. तिसऱ्या वर्षी ऑगस्ट उजाडला तरी आभाळ पांढरंच होतं. मूग वीतभर वाढून तिथेच करपला. उदगीरच्या बाजाराकडे रोज जनावरं चालत जायची, मालक पुढे आणि जनावरं मागे, आणि परत येताना फक्त मालक दिसायचे. आमच्या गल्लीत टँकर चौथ्या दिवशी यायचा. आई भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना वापरायची.

शर्यत यंदा नको, असं बाबा एकदा म्हणाले. सर म्हणाले, “तिसऱ्याच वर्षी बंद पाडली तर लोक म्हणतील, जिल्हाच टिकत नाही.” शिवाय त्या वर्षी पहिल्यांदा बायकांची शर्यत होणार होती.

ताईला ती हवीच होती. नव्या जिल्ह्याचं पोलीस दल उभं राहत होतं, त्यात बायकांची भरती निघाली होती. मैदानी चाचणी शर्यतीनंतर तीन आठवड्यांनी होती. शर्यतीत पहिल्या तिघींत आलं की खेळाडू म्हणून प्रमाणपत्र मिळणार होतं. गावाकडे तिच्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं आणि आजीनं निरोप धाडला होता, नोकरी लागली तर थांबू, नाहीतर दिवाळीनंतर उरकू. ताई रोज पहाटे दुपट्टा कमरेला बांधून पळायला जायची. येताना तिच्या पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ असायची आणि ती धुवायला तिला अर्धा तांब्या पाणी मिळायचं.

आता दगडांचं सांगायला हवं. जिल्हा नवा झाल्यावर रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगडही नवे बसले. जुन्या दगडांवरचे आकडे गावातल्या जुन्या तहसिलीपासून मोजलेले होते. नवे आकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला झालेल्या मोठ्या कचेरीच्या फाटकापासून मोजले. त्यामुळे नवा नऊ नंबर जुन्या नऊपेक्षा तीन किलोमीटर अलीकडे, नेमका त्या पुलापाशी आला. जुने दगड उपटायचे होते, पण उपटणारी माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. दोन्ही दगड उभे राहिले. आमच्या शाळेची बस त्याच रस्त्यानं जायची. मी कुणाशी बोलत नसे, खिडकीतून दगड मोजत असे. जुना नऊ नंबर एका वस्तीच्या तोंडाशी बाभळीत उभा होता, आणि त्याच्यावर कुणाचं तरी धोतर वाळत असायचं.

शर्यतीच्या आधीची बैठक आमच्या घरी झाली. माझं अक्षर चांगलं म्हणून बाबांनी मला यादी लिहायला बसवलं. सर म्हणाले, “आता पूल-बिल नको. दगडांवर नंबर आलेत, सगळं नंबरानं लिहू. पाणी चार नंबरला, सहा नंबरला, आठ नंबरला. झेंडा आणि शिक्का नऊ नंबरला.”

मी आठपर्यंत लिहिलं आणि थांबले. झेंडा घेऊन बसणारा माणूस यंदा नवा होता, त्या बाभळीजवळच्या वस्तीतलाच, रस्त्यावर काम करणारा म्हातारा. त्याच्यासाठी नऊ नंबर कोणता असेल, हे मला कळत होतं. मी म्हणाले, “सर, नऊ म्हणजे...”

“नऊ म्हणजे नाइन, बाळ!” सर म्हणाले.

सगळी बैठक हसली. बाबासुद्धा हसले. एक जण म्हणाले, “इंग्लिश मीडियमचं असंच हो, आमच्या नातवाला एकोणसाठ न् एकोणसत्तर एकच.” दारात उभी असलेली ताई ओढणी तोंडाला लावून हसत होती.

मला नऊ माहीत होता. पण तेव्हा तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं. मी ‘९’ लिहिला आणि कागद पुढे सरकवला. उद्या सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, कुणाच्या तरी लक्षात येईलच. इतकी मोठी माणसं आहेत.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सातलाच ऊन अंगावर बसलं. आधी पुरुष सुटले, तासाभरानं बायका. सात जणी होत्या. ताईनं वेणी वर बांधली होती. जाताना माझ्या गालाला बोट लावून म्हणाली, “चल मॅडम, टाळ्या तरी वाजव, त्याला इंग्लिश लागत न्हाई.”

पुरुषांतला पहिला माणूस फार उशिरा परतला. मागच्या वर्षीच्या वेळेनंतर अर्धा तास उलटला होता. तो रेषा ओलांडून तसाच जमिनीवर बसला आणि म्हणाला, “लई लांब हाय राव हे.” सर म्हणाले, “उन्हाचं लांब वाटतं.” त्यानंतर आलेला म्हणाला, झेंडा पुलापाशी नव्हताच. मंडपात कुणी त्याचं ऐकलं नाही, कारण तेव्हा सत्कारासाठी पाहुणे येत होते. मी ऐकलं. मी बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांच्या सदऱ्याला हात लावला. ते वळून म्हणाले, “काय गं? ऊन लागतंय का? सावलीत जा.” मी सावलीत गेले.

साडेदहा झाले, अकरा झाले. सातांपैकी सहा जणी नव्या आठ नंबरच्या पुढे गेल्याच नव्हत्या. पाण्याच्या जीपमधून त्या एकेक आणल्या गेल्या. त्यांच्याबरोबर आलेले शिपाई म्हणाले, आठ नंबरचा ड्रम रिकामा झाला. पुरुष पुढे गेल्यावर जवळच्या वस्तीतल्या बायका घागरी घेऊन आल्या. त्यांनी विचारलं नाही आणि यांच्यानं नको म्हणवलं नाही. “कसं नगं म्हणावं साहेब? लेकरं व्हती काखंत.”

तेव्हा बाबांनी मला विचारलं, “तू मघा काय सांगणार होतीस?”

मी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून त्यांच्या चपलांकडे बघत सांगितलं. ते जीप घेऊन गेले.

ताई नव्या सहा नंबरच्या पुढे सापडली, परतीच्या वाटेवर. चालत होती आणि जीप थांबली तरी चालतच राहिली. मनगटावर जांभळा शिक्का होता. दुसऱ्या हातानं तिनं तो घामानं पुसला जाऊ नये म्हणून धरून ठेवला होता. बाबांनी तिला उचललं तेव्हा ती म्हणाली, “अजून राहिलंय,” आणि मग तिला काही आठवत नाही.

दवाखान्यात पहिल्या दिवशी तिला लघवी झाली नाही. दुसऱ्या दिवशी झाली ती चहाच्या रंगाची. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाला मार बसलाय, वाचली हे खूप, आता सहा महिने पळणं नाही. आई खाटेच्या लोखंडाला धरून उभी होती. ताईनं विचारलं, “तीन आठवड्यांनी?” डॉक्टरांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

तिसऱ्या दिवशी ती थोडं बोलली. जुन्या नऊ नंबरजवळ एका शेतात विहीर होती, तिथे ती पाणी मागायला गेली. बाईनं विचारलं, कोणाची गं तू? ताईनं गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, बाबांची कचेरी सांगितली. बाई तेवढ्यावरून समजायचं ते समजली. भांडं दिलं नाही, वरून ओतलं. “दोन ओंजळी,” ताई म्हणाली. “तिसरी मागितली तर म्हणली, आमच्या बैलाला बी दोनच बादल्या हायत बाई.” ती हे सांगून हसायला गेली आणि कमरेत कळ आली म्हणून थांबली.

त्याच संध्याकाळी सर आले. मोसंबी आणली होती. बाहेर व्हरांड्यात ते बाबांना म्हणाले की झेंडेवाला म्हातारा प्यालेला असावा, समितीच्या कागदात तसंच लिहू. म्हाताऱ्याला बोलावून विचारलं होतं. तो म्हणाला होता, “नऊ नंबर म्हणलात, नऊ नंबर तर माझ्या दारातच हाय. त्याच्यावर तर माझं धोतर वाळतंय.” सरांच्या मते यावरूनच तो शुद्धीत नव्हता हे दिसतं. बाबा मोसंबीच्या पिशवीची गाठ सोडत राहिले. नवी कचेरी, नवी नोकरी, आणि आमच्यासारख्यांनी कुठे काय बोलायचं याचा त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा जुना होता.

मी आत गेले आणि ताईला सांगितलं. दोन दगड, बस, बैठक, सगळं. ती छताकडे बघत ऐकत होती.

“म्हंजी तुला ठाव व्हतं.”

“हो.”

“आन् मी हसले.”

तिनं मान भिंतीकडे वळवली. तिकडेच बघत म्हणाली, “त्या म्हाताऱ्याचं तरी बाहेर जाऊन सांग. माझं ऱ्हाऊ दे.”

व्हरांडा दहा पावलांवर होता. मी गेले. सरांना म्हणाले, चूक यादीत होती, यादी मी लिहिली, दगड दोन आहेत, चला दाखवते. माझा आवाज इतका बारीक होता की त्यांनी दोनदा ‘काय?’ विचारलं. तिसऱ्यांदा मी मोठ्यानं सांगितलं. सरांनी बाबांकडे बघितलं, बाबांनी मान हलवली. कागदातून ‘प्यालेला’ हा शब्द गेला. त्याच्या जागी ‘कडक ऊन’ आलं. दगडाचं कुणीच लिहिलं नाही.

भरतीच्या दिवशी ताई डॉक्टरांना न सांगता गेली. आईनं अडवलं नाही, फक्त मला बरोबर धाडलं. आठशे मीटर होते, चुन्यानं आखलेल्या मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत ती तिसरी होती. माझ्यासमोरून गेली तेव्हा तिचे ओठ राखेसारखे दिसत होते आणि एक हात मागे कमरेवर होता. मी तिला थांब म्हणून ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांत ओरडले. तिनं ऐकलं. मला वाटतं, ऐकून ती आणखी दहा-बारा पावलं पळाली. मग चालू लागली आणि रेषेच्या बाहेर आली.

टेबलामागच्या हवालदारानं न बघता विचारलं, “सोडलं?”

“हाव,” ताई म्हणाली. छातीवरचा कापडी नंबर काढून तिनं टेबलावर ठेवला. त्यानं तिच्या ओळीवर पट्टी ठेवून लाल रेघ ओढली आणि पुढच्या मुलीला बोलावलं. दिवाळीला दोन महिने होते.