काट्यांवर आळ

पंचवटीच्या भाजीबाजारात अंबूबाईचा हात सगळ्यांच्या ओळखीचा होता. टोमॅटो दाबून दाबून शेवटी न घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या कानशिलात तिनं भर बाजारात वाजवली होती आणि सोडवायला आलेल्या हमालालाही एक ठेवून दिली होती. नवरा गेल्यावर एकट्या बाईला राग नाकावर ठेवावाच लागतो, असं ती म्हणायची. बाजाराचं म्हणणं, राग तिला जन्मतःच होता. मेलेल्या माणसाच्या नावावर उगाच खपवते.

अशा बाईला निवडुंगाचं वेड लागावं याचं लोकांना हसू येई. देवळाली कॅम्पातल्या एका फौजी कुटुंबाची बदली झाली, तेव्हा त्या घरच्या बाईनं लिंबाएवढा एक निवडुंग तिच्या पाटीत ठेवला. अंबूबाईनं त्याची पिल्लं काढून वाळूत रुजवली आणि बघता बघता घराच्या गच्चीवर पंधरा-वीस कुंड्या झाल्या. थंडीत त्यांना पाण्याचा थेंब द्यायचा नाही, हे ती दोन झाडं कुजवून शिकली. मग फाल्गुनात प्रत्येकाच्या डोक्यावर गुलाबी फुलांचं कडं येई. त्या दिवसांत तिचा आवाजही जरा खाली उतरे.

लेकीला, साधनाला, पिंपळगाव बसवंतला दिली तेव्हा सगळ्यांत जास्त फुलणारी कुंडी तिनं सोबत धाडली. जावई गोरक्ष द्राक्षांचा टेम्पो चालवायचा. बोलायला मऊ, नजर कायम जमिनीवर. खाली मुंडी पाताळ धुंडी. दुसऱ्या वर्षी माघात अंबूबाई लेकीकडे गेली, तर साधनाचा एक डोळा सुजून मिटलेला. अंबूबाईनं जावयाची गचांडी धरायला हात पुढे केलाही.

"मामी, मलाबी वाईट वाटतं," तो हळूच म्हणाला. सासूला तो मामी म्हणे. "पण ते काटे घरात आल्यापासून माझं डोकं ताब्यात राहत नाय. काटेरी झाडानं घरात भांडणं लागत्यात, सगळा गाव सांगतो. तेवढी कुंडी घेऊन जा."

हात तिथंच थांबला. हे अंबूबाईनंही ऐकलेलं होतं. शिवाय दोष झाडाचा निघाला तर जावई चांगला ठरत होता, लेकीचा संसार वाचत होता. ते खरं असावं असं तिला फार वाटत होतं. चोराच्या उलट्या बोंबा एरवी तिला बाजाराच्या त्या टोकावरून कळत. इथं कळल्या नाहीत.

"आता सगळं नीट व्हईल बघ," असं साधनाला सांगून ती कुंडी घेऊन निघाली. साधना उंबऱ्यापर्यंत तिच्या मागोमाग आली.

घरी येऊन ती तडक गच्चीवर चढली. पीडा मुळासकट जावी म्हणून तिनं एकेक कुंडी उचलून फरशीवर आपटली. कळ्या धरलेले गोळे फुटले, हिरवा गर पसरला. जे फुटले नाहीत ते तिनं वरवंट्यानं ठेचले. तळहातात काटे मोडले, रक्त कोपरापर्यंत ओघळलं, तरी ती थांबली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

आठवडाही झाला नसेल, साधनाच्या शेजारणीचा फोन आला. मिळेल त्या गाडीनं अंबूबाई पिंपळगावच्या दवाखान्यात पोचली. साधनाचा हात प्लास्टरमध्ये होता, पुढचे दोन दात गेले होते. कारण काय, तर भाजीत मीठ जास्त पडलं. गोरक्ष खाटेशेजारी मान खाली घालून उभा होता.

"मामी, त्या झाडाचं एखादं मूळ घरात राहिलं असंल..."

अंबूबाईनं लोखंडी स्टूल उचलून त्याच्या तोंडावर घातलं. नाकाचं हाड मोडलेलं सगळ्या खोलीला ऐकू आलं. तो खाली पडला, तरी तिनं पुन्हा घातलं, आणि परत एकदा. तिला धरायला दोन वॉर्डबॉय लागले. तिसऱ्यानं रक्तानं माखलेल्या गोरक्षला ओढत बाहेर नेलं.

धापा टाकत ती लेकीच्या खाटेवर बसली. "मोडला त्याला," ती म्हणाली. "आता तुझ्या अंगाला हात नाय लावायचा तो."

साधनानं तिच्याकडे पाहिलं नाही. फुटक्या ओठांतून ती सावकाश म्हणाली, "आई, त्या दिवशी तू कुंडी नेलीस. मला वाटलं होतं, मला नेशील."